पाय धुऊन घेणं

चारकोपच्या सेक्टरांतल्या जुन्या घरांत जिना घराच्या आतच असतो. लोखंडी, अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल असा. खाली ओटा, मोरी आणि दरवाजाजवळची बसायची जागा. वर माळा, तिथे अंथरुणं. या घरांत कोण कुठे झोपतं एवढं पाहिलं, की त्या कुटुंबात सध्या कोण कोणाचं करतंय हे न विचारता कळतं.

हा जिना इथे आला कसा, ते आधी सांगायला हवं. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ मध्ये मुंबई नगरविकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने कांदिवली पश्चिमेला, खारफुटीच्या अलीकडे, ओळीने छोटे भूखंड आखले. पुष्कळसे पंचवीस-तीस चौरस मीटरचे. रस्ता, पाणी, गटार प्रकल्पातून मिळालं. घर ज्याचं त्याने, पैसे जमतील तसं बांधायचं होतं. साधारण पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मधे मोकळा चौक. तेव्हा इथे आलेली बरीच जोडपी तिशी-पस्तिशीतली होती. जमीन वाढणार नव्हती, म्हणून घर वर वाढलं. मुलं झाली तसा माळा आला, मुलांची लग्नं झाली तसा वरचा मजला आला. आता तीच जोडपी सत्तरीत आहेत. जिना आहे तसाच उभा आहे, गुडघे तसे राहिले नाहीत.

या चौकांत आमच्यासारखी ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत. कोणी गोराई-मनोरीकडचे ईस्ट इंडियन, कोणी वसईचे, कोणी गोवा-मंगळूरकडचे, कोणी नगरकडून आलेले मराठी प्रॉटेस्टंट. प्रार्थनेच्या पद्धती वेगळ्या, पण 'सेवा' हा शब्द सगळ्यांच्या घरात रोजचा. लहानपणापासून ऐकलेला असल्यामुळे त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असंच वाटत राहतं. आई माळ्यावरून खाली राहायला आली त्या वर्षी मला समजलं की त्यातला अर्धाच अर्थ मी शिकलो होतो.

वडील आजारी होते तेव्हा चार वर्षं आईने त्या जिन्यावरून गरम पाणी, पेज आणि कमोडचं भांडं वर-खाली नेलं. कोणाला हात लावू दिला नाही. मग तिलाच अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी मी परात आणि कोमट पाणी घेऊन तिच्यासमोर बसलो. तिने पाय मागे ओढले.

"तू नको. मी करते."

"आई, तुला वाकता येत नाही."

"मग राहू दे तसेच."

ती रागावली नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि लाजेहूनही जास्त भीती वाटत होती. आयुष्यभर ज्या जागी ती उभी होती, तिथे आता मी होतो आणि तिच्यासाठी दुसरी जागा कोणती, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

हाच प्रसंग शुभवर्तमानात आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळच्या यहुदी घरात पाहुण्याला पाय धुवायला पाणी दिलं जाई. प्रत्यक्ष धुण्याचं काम घरातल्या सर्वांत खालच्या दासाचं. पेत्राची पाळी येते तेव्हा तो साफ नकार देतो. गुरूने माझे पाय धुवायचे हे त्याला सोसवत नाही. येशू त्याला सांगतो की हे होऊ दिलं नाहीस, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात ते याच्याच आठवणीसाठी. पूर्वी त्या बाराही जागांवर पुरुषच बसत. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून नियम बदलला आणि स्त्रियाही तिथे बसू लागल्या.

त्या दिवसाचं प्रवचन बहुतेक वेळा वाकणाऱ्यावर असतं. मोठ्याने लहान व्हावं, मालकाने चाकर व्हावं. ते खरंच आहे. पण त्या खोलीत अवघड गेलं ते पेत्राला, आणि पेत्र पाय धुऊन घेणाऱ्यांत होता. त्याला करायचं होतं ते एवढंच की पाय पुढे करायचे. ते त्याला जमेना. याच शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पुन्हा पेत्राशी बोलतो आणि त्याचं म्हातारपण त्याच्यासमोर उभं करतो: तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवं तिथे जायचास, म्हातारपणी हात पसरशील, दुसराच तुला कपडे नेसवील आणि तुला नको तिथे नेईल, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. योहानाने त्याचा अर्थ पेत्राच्या हौतात्म्याशी लावला आहे, तो मला मान्यच आहे. तरीही चित्र म्हातारपणाचं आहे. परात घेऊन बसलेल्या माणसाने हा अध्याय वाचला, तर त्याला क्रूसाआधी आईचा हात दिसतो, ब्लाउजच्या बाहीत न शिरणारा.

भूमिका अशा उलटसुलट होत जाण्याची मराठीतली सगळ्यात मोठी कहाणी पंडिता रमाबाईंची आहे. त्यांच्या विद्वत्तेबद्दल, धर्मांतराबद्दल, मुक्ती मिशनबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यांच्याकडे सेवा करणारी आणि सेवा घेणारी म्हणून पाहावंसं वाटतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं. मुलगी शिकायच्या वयाची झाली तोवर शास्त्रीबुवा थकले होते, म्हणून त्यांनी जिला शिकवलं होतं तिनेच मुलीला शिकवलं. आई लक्ष्मीबाई रमाबाईंच्या गुरू झाल्या. पुढे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडत राहिलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात पैसे संपले, वडिलांची दृष्टी गेली होती, आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांदेखत आधी वडील गेले, मग थोड्याच काळात आई. आईला स्मशानात न्यायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ आणि रमाबाई अशी चौघं झाली. रमाबाई उंचीने बुटक्या, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांना खांद्यावर नव्हे, डोक्यावर घ्यावा लागला. हे त्यांनीच पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवलं आहे. 'आईवडिलांचा मान राख' ही दहा आज्ञांमधली आज्ञा त्यांनी वाचली ती फार नंतर. तिचं वजन आधीच उचलून झालं होतं.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येऊ लागलं आणि तो विचार सोडावा लागला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती उभी राहिली. तिथे दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा तर होत्याच, शिवाय वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होतं आणि आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तीमी सदन. ज्यांना कोणीच नव्हतं त्या मुली तिथे अशा म्हाताऱ्यांच्या शेजारी वाढल्या ज्यांना कोणीच नव्हतं. एका अंध म्हाताऱ्या बापाच्या मुलीने अशी रचना करावी, यात मला योगायोग दिसत नाही.

रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा. तिचे वडील गेले तेव्हा ती तान्ही होती. मोठी झाल्यावर ती आईचा उजवा हात बनली. मुक्तीतल्या अंध स्त्रियांना ब्रेल शिकवण्यामागे तीच होती. आईचा बहिरेपणा वाढत गेला तसतशी आई लेकीवर टेकत गेली. सगळ्यांनी धरून चाललं होतं की आईनंतर मुक्ती मनोरमा पाहील. पण १९२१ मध्ये, चाळीस वर्षांची असताना, मनोरमाच आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधले महिने त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं राहिलेलं काम पुरं करत होत्या, हिब्रू आणि ग्रीकमधून, मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवत होत्या. ज्या मुलींना त्यांनी हाताला धरून आणलं, त्यांच्या हातांवर त्यांचं म्हातारपण आणि त्यांचं शेवटचं काम उभं होतं. म्हातारपणी आपलं करणारं माणूस आपल्या पोटचंच असेल, असा हिशेब त्यांच्या बाबतीत चुकला. पण त्यांचं करणारं कोणीच नव्हतं, असं झालं नाही.

आता कर्तव्याकडे येतो, कारण ख्रिस्ती घरांत सेवेच्या नावाखाली एक चूक वारंवार होते, आणि तिच्याबद्दल येशू फार कडक बोलला आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' नावाच्या प्रथेचा उल्लेख आहे. एखाद्याने आपली मिळकत 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेली, असं जाहीर केलं की तिच्यावर आईवडिलांचा हक्क उरत नसे. देवाच्या नावाने मुलगा मोकळा. येशूने याला देवाची आज्ञा रद्द करणं म्हटलं. आज मंदिराला जमीन वाहणारं कोणी नाही, पण सकाळी क्वायर, दुपारी प्रार्थनागटाची सभा, संध्याकाळी दुसऱ्याच्या आजाऱ्याला भेट, आणि घरी आई चहाच्या कपाची वाट पाहतेय, अशी घरं मी पाहिली आहेत. काही वर्षं माझंही घर तसंच होतं.

पहिल्या शतकातल्या मंडळीला हा प्रश्न नवा नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातला तंटा विधवांच्या रोजच्या जेवणावरून आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात डावललं जातंय, अशी तक्रार आली. त्यावर सात माणसं नेमली गेली. चर्चमधल्या नेमणुकांचा इतिहास सांगताना हे विसरलं जातं, की त्यातली ही एक अगदी सुरुवातीची नेमणूक ताटात वेळेवर अन्न पडावं म्हणून झाली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर नियमच आहेत. साठीपुढच्या निराधार विधवांची यादी ठेवायची, पण जिला मुलं-नातवंडं आहेत तिचं त्यांनी करावं, आईवडिलांचं ऋण फेडायला त्यांनी शिकावं, म्हणजे जिला कोणीच नाही तिच्यासाठी मंडळीजवळ काही उरेल. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वासच नाकारला, इतक्या टोकाला ते पत्र जातं.

भारतीय कायदाही बराचसा इथवर आला आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सांगतो की स्वतःचा निर्वाह न करू शकणारे आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात; निर्वाहाची रक्कम महिन्याला दहा हजारांपर्यंत. आणखी एक कलम चारकोपसारख्या ठिकाणी फार महत्त्वाचं आहे, तेविसावं. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने घर मुलाच्या नावावर केलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द ठरवता येतं. ज्या भूखंडांना एके काळी कोणी विचारत नव्हतं त्यांची आजची किंमत पाहता, हे कलम प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत असावं, आणि ती अट कागदावर लिहून घ्यावी. गरज पडली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशव्यापी मदतीचा क्रमांक आहे.

या कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. आणि घरोघरी पाहा, रात्री दोनला कूस बदलायला कोण उठतं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचेशी कातडी लाल होते आणि मग जखम पडते. दोन तासांनी म्हणजे रात्रीतून तीन-चार वेळा. ते काम बहुतेक घरांत सुनेच्या वाट्याला जातं. तिने ते गप्प राहून करावं म्हणून तिला रूथची गोष्ट ऐकवली जाते: परमुलखातली विधवा सून, सासूला सोडून जायला तयार नव्हती. मला हा त्या पुस्तकाचा गैरवापर वाटतो. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, पण ते पहिल्या अध्यायाशी थांबत नाही. सासू नामी नुसती सेवा घेत बसत नाही. सुनेचं आयुष्य परत उभं राहावं म्हणून ती खटपट करते, बवाजाशी तिचं लग्न जुळेल असं पाहते. शेवटी शेजारणी म्हणतात की ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे, आणि रूथचं बाळ नामीच्या मांडीवर असतं. म्हातारीला तिथे काम आहे. सुनेची झोप, सुनेची नोकरी, सुनेचं माहेर याची काळजी सासूने वाहिली, तर ती नामी. आणि भावंडांनी रात्री वाटून घ्याव्यात, लेकींनी आणि लेकांनीही. पाय धुण्याची आज्ञा त्या खोलीत बारा पुरुषांनाच दिली गेली होती.

आमच्या जिन्याचा आणि माळ्याचा विषय निघाला की मला फ्रान्समधली एक बाई आठवते. जान जुगाँ, ब्रिटनी प्रांतातली, मोलकरणीचं काम करून जगणारी. १८३९ च्या हिवाळ्यात तिने अ‍ॅन शोव्हाँ नावाच्या अंध, अर्धांगाने लुळ्या म्हातारीला आपल्या बिऱ्हाडी आणलं, स्वतःचा पलंग तिला दिला आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. त्या एका पलंगातून लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर ही संस्था वाढली. अंधेरीला महाकाली केव्हज रोडवर त्यांचं वृद्धाश्रमाचं काम आहे. जानची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. एका धर्मगुरूने स्वतःला संस्थापक म्हणवून घेऊन तिला बाजूला सारलं. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षं ती मठात एक साधी म्हातारी सिस्टर म्हणून राहिली. शेजारी बसणाऱ्या नवशिक्या मुलींना ठाऊकही नव्हतं की ही संस्था हिनेच सुरू केली. १८७९ मध्ये ती वारली. चर्चने तिला संत म्हणून जाहीर केलं ते २००९ मध्ये. तिचा पलंग देणं मला समजतं, तिचं ते सत्तावीस वर्षांचं बसून राहणं मात्र मी अजून शिकतो आहे.

म्हाताऱ्या माणसाचं डोकं चालेनासं झालं तर? कॅथलिक बायबलमध्ये बेनसिराचं पुस्तक आहे (प्रॉटेस्टंट बायबलात ते नसतं). नाताळनंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, त्यातला तिसरा अध्याय वाचला जातो. बापाची बुद्धी गेली तरी त्याला समजून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याचा पाणउतारा करू नकोस, असा त्याचा रोख आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेममध्ये हे लिहिलं गेलं, म्हणजे आजपासून दोन हजारांहून अधिक वर्षं आधी. पुस्तक हिब्रूत होतं. लेखकाच्या नातवाने ते इजिप्तमध्ये बसून ग्रीकमध्ये आणलं आणि प्रस्तावनेत आजोबांच्या कष्टांचा मान राखला. आजोबांचे शब्द पुढच्यांना कळावेत अशा भाषेत ठेवणं, हीही नातवाने केलेली शुश्रूषाच.

एक गैरसमज मात्र घरोघरी मोडायला हवा. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार म्हणजे मरणाची तयारी, असं अजून पुष्कळांना वाटतं. फादर तेलाची डबी घेऊन चौकात आले की शेजारी कुजबुजतात. म्हणून कुटुंबं त्यांना बोलवायचं टाळतात, आणि बोलावतात तेव्हा आजारी माणूस शुद्धीवर नसतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितलं की हा फक्त मरणपंथाला लागलेल्यांचा संस्कार नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधीही बदलला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, किंवा नुसत्या वयाने फार थकलेल्या माणसालाही तो घेता येतो, एकाहून अधिक वेळा घेता येतो. फादर कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. यात आजाऱ्याने काही करायचं नसतं, हात उघडे ठेवायचे असतात.

आईला तेल लावलं तेव्हा तिने उजवा हात डाव्या हाताने उचलून पुढे धरला. त्यानंतर काही दिवसांनी परात आणल्यावर तिने पाय ओढले नाहीत. फक्त पाणी गरम आहे का ते विचारलं.

दिवसा आता आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून एक मावशी येतात, सकाळी आठ ते रात्री आठ. त्यांची आई गावी आहे, तिचं भावजय करते. मावशींचा पगार, सुट्टीचा रविवार आणि दुपारची तासभर झोप आम्ही ठरवून दिली आहे. ते दिल्याशिवाय या घरात सेवेबद्दल बोलायचा आम्हाला अधिकार नाही, असं आईचं म्हणणं. मी कामावरून एकदा लवकर आलो तेव्हा दार उघडंच होतं. मावशी पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसल्या होत्या, केस मोकळे सोडलेले. आई त्यांच्या डोक्याला खोबरेल लावत होती. डाव्या हाताने, हळूहळू, भांग चुकत. मला पाहून मावशी उठायला गेल्या.

"बस गं," आई म्हणाली, "अजून एक बाजू राहिलीय."